देठ हिरवा होता

यंदाच्या ऑक्टोबरात पुण्यातल्या एका लहानशा ब्रुअरीत आम्ही पाच जण लाल भोपळ्याची मसालेदार बिअर चाखायला बसलो होतो. पन्नासपैकी गुण द्यायचे होते. माझ्या शेजारी बसलेल्या जुन्या स्नेह्यांनी चौदा दिले आणि पुढे त्या चौदा गुणांचं समर्थन करणारा सविस्तर लेख लिहिला. तो बराच वाचला गेला. ‘तुम्हीपण होतात ना तिथं?’ असं विचारत चार-पाच जणांनी मलाही तो पाठवला. होतो, आणि म्हणूनच आता गप्प बसणं मला बरोबर वाटत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भोपळ्याला स्वतःची चव नसते, म्हणून ब्रुअर वरून मसाला ओततो. बिअरमध्ये मसाला घालणं हा बिअरचा अपमान आहे. आणि मुळात हे सगळं अमेरिकेतल्या हॅलोवीनचं खूळ आहे. आपल्या मातीशी, आपल्या ऋतूंशी त्याचा काही संबंध नाही. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी आमच्या नगर जिल्ह्यालाही ओढलं, कारण हा भोपळा नगरकडचा आहे असं ब्रुअरने आम्हाला सांगितलं होतं. दारूबंदी करणारं राळेगणसिद्धी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या शेतमालाची बिअर करून वर तिचं कौतुक कसलं करायचं, असा त्यांचा सवाल आहे.

मीही त्या बिअरला पन्नासपैकी चोवीसच दिले होते. तेव्हा आमचं भांडण आकड्याचं नाही. भांडण कारणाचं आहे. त्यांचा लेख वाचून तो ब्रुअर एकच धडा घेईल: पुढच्या वर्षी भोपळा बंद. माझं म्हणणं असं, की भोपळा ठेव, जायफळ निम्म्याने कमी कर आणि दोन महिने थांब. ग्लास एक, टेबल एक आणि सल्ले इतके उलटे. दोघांपैकी कोणाचं तरी चुकलं आहे.

कारण चुकलं की काय होतं, ते मी जवळून पाहिलेलं आहे. संगमनेरकडच्या एका दूध डेअरीच्या डॉकवर मी बावीस वर्षं काढली. पहाटे गाड्या लागायच्या. कॅनचं झाकण उचललं की नाक आधी झाकणापाशी न्यायचं, मग कॅनच्या तोंडाशी. झाकणाखाली कोंडलेला वास पहिल्या दोन सेकंदांत जे सांगतो, ते नंतर कळत नाही. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनघटक) यंत्र सांगतं. दूध कशानं बिघडलं ते नाक सांगतं. एकदा एका शेतकऱ्याचे कॅन ओळीने आठ दिवस परत गेले. आधीच्या पाळीतल्या माणसाने वहीत ‘आंबूस’ एवढाच शेरा मारलेला. तो बिचारा रोज सोडा घालून कॅन घासत होता, गोठा धूत होता, घरातल्यांवर चिडत होता. नवव्या दिवशी मी झाकण उचललं, तर वास आंबूस नव्हताच, कांद्याचा होता. चाळीत सडलेला कांदा तो गाईंपुढे टाकत होता. कांदा थांबवला आणि तिसऱ्या दिवशी दूध पास झालं. दूध नाकारण्याचा निर्णय आठही दिवस बरोबर होता. शेरा चुकला होता, आणि भुर्दंड त्या शेऱ्याचा पडला.

आता त्या ग्लासाकडे येतो. काकवीत पाणी घातल्यावर येतो तसा तांबूस रंग. फेस पांढुरका, लवकर बसला. बिअर चार अंशांवर, बर्फासारखी गार आणलेली. त्यामुळे पहिल्या फेरीत वास जवळपास आलाच नाही. आमच्या स्नेह्यांनी वासाच्या रकान्यात त्याच क्षणी गुण टाकून दिले. मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसलो. दहाएक मिनिटांनी वर आलं ते जायफळ, आणि तेही रागीट. सहाणेवर जायफळ उगाळताना दोन वळसे जास्त झाले की श्रीखंड कडसर होतं ना, तसं. मग लवंग. पण लवंगेबद्दल मी माझ्याच नाकावर भरवसा ठेवला नाही, कारण या बिअरच्या आधी आम्हाला गव्हाची जर्मन धाटणीची बिअर दिली होती आणि तिच्यातलं यीस्टच लवंगेसारखा वास तयार करतं. लवंगेतल्या युजेनॉलने जीभही थोडी बधिर होते. दातदुखीला लवंग धरतात ती त्याचसाठी. त्या क्रमाने चाखायला देणं ही मांडणाऱ्यांची चूक होती. मी पाणी प्यायलो, साध्या पावाचा तुकडा खाल्ला आणि पुन्हा वास घेतला. तेव्हा जायफळाच्या खाली काहीतरी वेगळं सापडलं. हिरवट, कच्चं, चिरलेल्या काकडीसारखं. घोट घेतला तर अंगाने पातळ, शेवटी तुरट.

तो हिरवट वास आमच्या स्नेह्यांनाही आला होता. त्यांच्या लेखात तो आहे. मात्र त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की बिअरमध्ये भाजी घातल्यावर दुसरं काय होणार. ‘आंबूस’ या शेऱ्याच्या जातीचा हा शेरा आहे.

बिअरसाठी भाजलेल्या भोपळ्याच्या थोड्या फोडी ब्रुअरने गोठवून ठेवल्या होत्या. त्यातल्या चार मी मागून घेतल्या आणि दिवाळीला अकोल्याकडे, भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावी गेलो तेव्हा मावशीपुढे ठेवल्या. मावशी माळकरी. बिअर हा शब्दसुद्धा मी तिच्यापुढे काढला नाही. डांगर कसं आहे एवढंच विचारलं. (पुण्यात डांगर म्हटलं की उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं समोर येतं. आमच्याकडे डांगर म्हणजे हा लाल भोपळाच.) तिने एक फोड बोटांनी दाबली, वास घेतला, तोंडात टाकली आणि उरलेली परत ताटलीत ठेवली. ‘कवळं तोडलंय रे. देठ हिरवा आसंल त्याचा.’

मी ब्रुअरला फोन लावला. माल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतला होता. गाडीतून उतरवताना काढलेला फोटो त्याने पाठवला. ओळीने मांडलेली गरगरीत फळं आणि प्रत्येकाचा देठ हिरवागार.

आमच्या स्नेह्यांच्या लेखाला माझं उत्तर खरं तर या देठात आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं. आमच्याकडे डांगराचं बी मृग-आर्द्रा नक्षत्रांच्या पावसात परसात, कुंपणाकडेला, उकिरड्याच्या काठावर टोचतात. वेल पावसाळाभर पसरतो. फळ पोसून पक्कं व्हायला साडेतीन-चार महिने लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला देठ वाळून लाकडासारखा होतो, सालीत नख रुतत नाही, बोटाच्या पेराने टकटक केलं की भरीव आवाज येतो. तेव्हा ते तोडायचं, आणि तरीही लगेच चिरायचं नाही. माळ्यावर किंवा आढ्याला टांगून ठेवायचं. तिथं ते पुढचे दोन-तीन महिने आतून बदलत राहतं: गरातल्या पिठाची हळूहळू साखर होते, रंग गडद होतो, वास भरतो. संक्रांतीच्या आसपास चिरलेलं डांगर आणि सप्टेंबरात चिरलेलं डांगर ही दोन वेगळी फळं आहेत. अकोले तालुक्यातली कोणतीही बाई हे तुम्हाला सांगेल.

मग शहाण्या ब्रुअरने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भोपळा का घेतला? कारण ३१ ऑक्टोबर. हॅलोवीनच्या आधी बिअर नळाला लागायची असेल तर ती सप्टेंबरात शिजवावी लागते, आणि सप्टेंबरात आमचा भोपळा कोवळा असतो. कोवळ्या भोपळ्यात वास नाही, म्हणून जायफळ वाढवलं. जायफळ वाढवलं म्हणून परीक्षकांनी म्हटलं, भोपळ्याला चवच नाही, सगळा मसालाच आहे. चूक तारखेची होती आणि शिक्षा फळाला झाली. आपल्या भाषेत परीक्षेतल्या शून्याला भोपळा म्हणतात. इथे भोपळ्यालाच भोपळा मिळाला, आणि तोही दुसऱ्याच्या चुकीसाठी.

अमेरिकेतही हे असंच घडलेलं आहे, आणि तो इतिहास आमच्या स्नेह्यांनी अर्धाच सांगितला. तिथे वसाहती करून राहिलेल्या इंग्रजांनी भोपळा बिअरमध्ये घातला तो चवीसाठी नव्हे. सातूचा माल्ट महाग होता, जहाजाने यायचा. भोपळा दारात पिकायचा. पीठ आणि साखर कुठून तरी आणायची, ती भोपळ्यातून आणली. माल्ट स्वस्त झाला आणि ही बिअर मागे पडली. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी बफेलो बिल्स ब्रुअरीच्या बिल ओवेन्स यांनी ती पुन्हा करून पाहिली. नुसत्या भोपळ्याचा स्वाद बिअरमध्ये जाणवेना, म्हणून त्यांनी भोपळ्याच्या पायमध्ये पडणारे मसाले घातले: दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ अशी ती मंडळी. पुढे मसालाच मोठा झाला. २००३ मध्ये स्टारबक्सने ‘पंपकिन स्पाइस’ कॉफी काढली, तिच्यात २०१५ पर्यंत भोपळा नव्हता. आता तर तिकडे भोपळ्याची बिअर ऑगस्टमध्येच दुकानात येते, तिथला भोपळा शेतातून निघायच्या आत, डबाबंद गर वापरून. म्हणजे तारखेच्या मागे धावून फळ गमावण्याची चूक आधी त्यांनी केली. आपण त्यांची बिअर घेतली ती या चुकीसकट घेतली. स्नेह्यांनी टीका करायची तर या उसन्या पंचांगावर करायला हवी होती.

भोपळ्याला चव नसते हा आरोप वेगळा तपासू. बिअर कशी होते हे माहीत असलेल्या माणसाने तो इतक्या सहज करू नये. भाजलेला गर माल्टबरोबर पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर राहतो. माल्टमधली विकरं त्यातल्या पिठाची साखर करतात. पुढे यीस्ट ती साखर खातं आणि तिची दारू नि वायू होतो. घारग्यात जी गोडी आपण भोपळ्याची म्हणून ओळखतो, ती बिअरमध्ये उरतच नाही, कारण ती यीस्टच्या पोटात गेलेली असते. घारग्यांतसुद्धा बरीचशी गोडी गुळाची असते हेही लक्षात घ्या. बिअरमध्ये भोपळ्याचं जे मागे राहतं ते वेगळं असतं: थोडा रंग, तोंडात जाणवणारी मऊ जाडी, आणि फोड निखाऱ्यावर भाजल्यावर सालीकडच्या बाजूला येतो तसा मातकट-खरपूस वास. शोधायचं ते हे. गोडी शोधत बसलेल्या माणसाला ते सापडणार नाही, आणि कोवळ्या, ऐंशी-नव्वद टक्के पाण्याने भरलेल्या फळात ते कोणालाच सापडणार नाही.

मसाल्याने बिअर बाटते, या मुद्द्यावर त्यांनी बव्हेरियाचा १५१६ चा फतवा पुढे केला आहे. ड्यूक विल्हेल्म चौथा यांच्या त्या फर्मानात सातू, हॉप्स आणि पाणी एवढ्यांनाच परवानगी होती. खरं आहे. पण त्यामागे चवीपेक्षा पोटाचा विचार मोठा होता; गहू आणि राय पावासाठी राखायची होती. यीस्टचं नावही त्यात नाही. त्याआधी कित्येक शतकं युरोपात हॉप्सऐवजी रानातल्या वनस्पतींचं मिश्रण घालून बिअर होत असे. आणि बेल्जियमच्या पांढऱ्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल पडते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर महाराष्ट्रात ताज्या बिअरची जी चळवळ उभी राहिली तिच्यात ही धन्याची बिअर सर्वांत लाडकी. आमचे स्नेहीही ती आवडीने पितात. मी त्यांच्याबरोबर प्यायलो आहे. धने चालतात आणि जायफळ चालत नाही, याला तत्त्व म्हणत नाहीत. सवय म्हणतात. सवयीबद्दल माझी तक्रार नाही, पण तिने न्यायाधीशाचा झगा घालू नये.

आपल्या ऋतूंशी संबंध नाही, हे वाक्य वाचून मी खरोखर चकित झालो. आश्विनातली पौर्णिमा कधी येते? बहुधा ऑक्टोबरात. त्या रात्री गच्चीवर, अंगणात दूध आटवून त्यात काय घालतात? वेलदोडा, केशर, जायफळ. मराठी घरात वर्षातून एकदा, ठरलेल्या रात्री, सगळ्यांनी मिळून प्यायचं मसालेदार पेय आधीपासून आहे, आणि ते त्याच महिन्यात आहे. दिवसा ऊन भाजत असतं, रात्री अंगावर हलका गारवा येतो. त्या रात्रीसाठी जायफळ. आणि जायफळ-भोपळ्याची गाठ आम्हाला अमेरिकेने घालून दिलेली नाही. डांगर किसून गुळात शिजवायचं, गार झालं की त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ, कडकडीत तेलाचं मोहन, सहाणेवर उगाळलेलं जायफळ. केळीच्या पानावर थापून तळलेल्या घाऱ्या मी तरी आठवतं तेव्हापासून खातो आहे. दालचिनी, जायफळ आपल्याकडे पिकतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या जायफळाच्या वाणाचं नावच ‘कोकण सुगंधा’ आहे.

भोपळा परका, हेही त्यांनी सुचवलं आहे. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, हे बरोबर. शेंगदाणा तिकडचाच. मिरची तिकडची. बाजरी आणि ज्वारी आफ्रिकेतून आलेल्या. पारनेर-पाथर्डीच्या शिवारात बसून बाजरीच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची लाल चटणी खाणाऱ्या माणसाला तू परकं खातोस असं कोणी म्हणेल का? जे आमच्या उकिरड्याच्या काठावर उगवतं, ज्याचं बी आमच्या आया राखेत घोळवून जपतात, ते आमचं. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणी जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, ती याच समजुतीच्या जोरावर उभ्या राहिलेल्या कामासाठी.

आता राळेगण. या मुद्द्यावर मी आवाज खाली आणून बोलणार आहे, कारण तो चवीपेक्षा मोठा आहे.

१९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा राळेगणसिद्धीत दारूच्या भट्ट्या होत्या. त्या गावाने त्या बंद केल्या आणि मग पाणी अडवलं. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या मागे उभं राहून नशाबंदी हा गावाच्या नियमांतला एक नियम केला. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला तेव्हा अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकानं बंद पाडली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींनी त्याआधी वर्षानुवर्षं मार खाल्लेला असतो. मी त्यांच्या विरोधात एक शब्दही लिहिणार नाही. ज्या गावाने बाटली आडवी केली, त्या गावात मी ग्लास घेऊन जाणार नाही.

पण म्हणून जिल्ह्याचं नाव घेऊन चव घेणं हाच गुन्हा ठरवायचा, हे मला मान्य नाही. आमच्या जिल्ह्याला दारू माहीत आहे ती मळीची. उसाचा रस जातो साखरेला, उरलेल्या मळीची दारू होते. त्या बाटलीत ऊस कुठल्या शिवारातला, कुठल्या महिन्यातला, हे कोणी विचारत नाही. ती चाखत नाहीत, घशाखाली ढकलतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या मेजवानीत वाटलेल्या विषारी दारूने माणसं मेली. ती आठवण आमच्या भागात अजून ओली आहे. अशा दारूत काय आहे हे कोणी वास घेऊन पाहिलेलं नसतं, कारण वास घेणं हा त्या पिण्याचा भागच नसतो. आम्ही पाच जण त्या दिवशी तीन तासांत प्रत्येकी पाऊण ग्लाससुद्धा प्यायलो नाही. अर्धं अधिक बादलीत गेलं. कशापासून झालं, कधी झालं, कुणी केलं, काय बिघडलं, एवढंच विचारत बसलो होतो. दारूने घर मोडणं आणि हे बसणं यांत अंतर आहे. ते अंतर मिटवून टाकल्याने राळेगणच्या बायकांना काही मिळत नाही. कोणाला हेही नको वाटत असेल तर त्याचं न पिणं मला पूर्ण मान्य आहे. पण मग त्याने गुणपत्रिका हातात घेऊ नये. पिणं पाप आहे म्हणून चौदा, असा गुण नसतो.

त्या गुणपत्रिकेबद्दलही बोलायला हवं. १९८५ पासून चालत आलेल्या अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमचा तक्ता आम्हाला दिला होता: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. तक्ता चांगला आहे. डेअरीवर असा तक्ता असता तर त्या शेतकऱ्याचे आठ दिवस वाचले असते. पण या बिअरचा जो वर्ग त्यात आहे, ३०-ब, शरद ऋतूतली हंगामी बिअर, त्याचं वर्णन थंड शरदासाठी, अंगात ऊब आणणारी आणि थँक्सगिव्हिंगची आठवण करून देणारी अशा अंगाने केलेलं आहे. मॅसॅच्युसेट्सला ते शोभतं. पुण्यात ऑक्टोबरच्या दुपारी पस्तीस अंशांत अंगात ऊब कोणाला हवी असते? मग ती बर्फासारखी गार द्यावी लागते, गार दिली की वास मरतो, आणि वासाचे बारा गुण हातचे जातात. दुसऱ्याच्या ऋतूची पट्टी लावून आपण आपल्या फळाला नापास केलं. स्नेही म्हणतात ही बिअर परकी. मी म्हणतो परकी होती ती पट्टी.

आपली पट्टी कशी असते, हे आमच्या भागाला नवीन नाही. पौषात हुरड्याच्या आगटीभोवती बसून पाहा. कणीस कोणतं, सुरती की गुळभेंडी, हे आधी विचारतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ अशी ज्वारीची वाणंच काढली आहेत. दाणा चिमटीत दाबतात. दूध आलं तर अजून चार दिवस, नुसताच कडक लागला तर चार दिवस उशीर झाला. गोवऱ्यांच्या आरात कणीस किती वेळ ठेवलं, हातावर चोळताना दाणा सुटा झाला की चिकट राहिला, यावर म्हातारी माणसं वाद घालतात. आठ-दहा दिवसांची ती खिडकी असते. ती चुकली तर हुरडा वाईट असतो असं कोणी म्हणत नाही. उशीर केला असं म्हणतात.

भोपळ्याच्या बिअरचा निवाडाही मला तसाच हवा आहे. दिवाळीनंतर तोडलेलं, दोन महिने माळ्यावर राहिलेलं डांगर. बिया आणि त्यांच्याभोवतीचा तेलकट दोर काढून सालीसकट भाजलेलं. चार-साडेचार टक्क्यांची हलकी बिअर. भारी नको, जानेवारीतली आमची थंडी कोरडी असते, तिला जड पेय लागत नाही. जायफळ नखभर, तेही शिजवण्याच्या अगदी शेवटी. लवंग नकोच. ग्लास आठ-दहा अंशांवर, आधी कोणतीही लवंगी बिअर न देता. आणि शेजारी ताटलीत त्याच डांगराची भाजलेली फोड, म्हणजे ज्याला ग्लासात भोपळा सापडत नाही त्याने आधी ती खावी. एवढं करूनही कोणी चौदा गुण दिले, तर मी ते चौदा मानीन, कारण तेव्हा ते त्या बिअरचे असतील.

ब्रुअरशी माझं बोलणं झालं आहे. एक छोटी खेप करून पाहायला तो तयार आहे. आमच्या स्नेह्यांनाही मी कळवलं आहे, त्यांची खुर्ची त्याच जागी असेल. मावशीच्या माळ्यावर या घडीला पाच डांगरं आहेत. परवा तिने शिडी लावून एकेक खाली घेतलं, पदराने पुसलं, नख लावून पाहिलं आणि देठाकडून उलटंपालटं करून पुन्हा तशीच ठेवली. पाचांपैकी एक बियाला राहणार आहे, त्याला तिने चुन्याचं बोट लावलं. उरलेली चार संक्रांतीनंतर मी पुण्याला नेणार आहे, देठासकट.